पोटाचा घेर आणि कर्जाचा हप्ता

आमच्या महाविद्यालयातील सेवकांची एक सहकारी पतसंस्था आहे. पगारातून दरमहा कापून घेतलेल्या वर्गणीतून भांडवल उभे करावयाचे आणि त्यातून सभासदांना अल्प व्याजाने कर्ज द्यावयाचे, असा तिचा साधा व्यवहार. अर्थशास्त्र शिकवितो एवढ्याच पात्रतेवर तिच्या कर्ज उपसमितीवर माझी वर्णी लागली. घरदुरुस्ती, मुलीचे लग्न, मुलाचे अभियांत्रिकीचे शुल्क, वडिलांचा मोतीबिंदू अशा कारणांचे अर्ज आमच्यापुढे येतात आणि बहुधा चहा संपण्यापूर्वी मंजूर होतात. गेल्या वर्षी मात्र कार्यालयातील एका लिपिक बाईंचा अर्ज आला. रक्कम दीड लाख रुपये. कारणाच्या रकान्यात ‘वैद्यकीय’. सोबत जोडलेल्या खर्चाच्या अंदाजपत्रकावर ‘पोटाचे लायपोसक्शन’, म्हणजे पोटावरची चरबी नळीने ओढून काढण्याची शस्त्रक्रिया. बैठकीत हशा पिकला. “रोज रंकाळ्याला दोन फेऱ्या मारा म्हणावं, बिनव्याजी काम होईल,” असे एक ज्येष्ठ सभासद म्हणाले. मीही हसलो. अर्ज पुढील बैठकीवर टाकण्यात आला.

दुसऱ्या दिवशी त्या बाई स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. बैठकीतले हसे त्यांच्या कानावर गेले होते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होते. पण तो विषय त्यांनी काढला नाही. दोन्ही बाळंतपणे शस्त्रक्रियेची झाली, धाकटा मुलगा आता सहा वर्षांचा आहे, पण पोट काही मूळच्या जागी गेले नाही, असे त्यांनी सांगितले. आडवे पडून उठताना पोटाच्या मधोमध उंचवटा उभा राहतो. संध्याकाळपर्यंत कंबर धरते. के.एम.टी.च्या बसमध्ये अनोळखी बायका उठून जागा देतात आणि “कितवा महिना?” असे विचारतात. मोबाइलवर जाहिरात पाहून त्या एका दवाखान्यात जाऊन आल्या होत्या. तेथे डॉक्टर दहा मिनिटे भेटले. ‘समुपदेशक’ म्हणविणारी मुलगी मात्र त्यानंतर रोज फोन करीत होती. महिनाअखेरपर्यंत सूट होती. बारा बिनव्याजी हप्त्यांची सोय होती. एवढे सांगून त्यांनी मला विचारले, “सर, लायपो करू की टमी टक? तुम्ही अर्थशास्त्राचे. दोन्हींत कुठलं परवडेल ते तुम्हीच सांगा.”

मला सांगता आले नाही. पंख्याच्या दोन मेकपैकी कोणता घ्यावा असे कोणी विचारावे, तसा तो प्रश्न होता. आणि तो तसा विचारला जावा अशीच त्या बाजाराची सारी मांडणी होती. पुढचे दोन महिने मी या विषयावर मिळेल ते वाचले, वैद्यकीय क्षेत्रातील दोघा-तिघा स्नेह्यांना त्रास दिला. या खटाटोपातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे. आमच्यासारख्या पगारदार वर्गाच्या घरांत हा प्रश्न आता दबक्या आवाजात का होईना, पण विचारला जाऊ लागला आहे.

पहिली गोष्ट अशी की, ‘सुटलेले पोट’ असा एकच एक विकार नाही. पोट पुढे दिसण्यास चार निरनिराळ्या गोष्टी कारणीभूत असू शकतात: कातडीखालची चरबी, आतड्यांभोवतीची आतली चरबी, सैल पडलेली कातडी आणि ताणून फाकलेले स्नायू. बहुतेकांच्या पोटात यांपैकी दोन-तीन गोष्टींचे मिश्रण असते. बाजारात जे उपाय मिळतात त्यांतील प्रत्येकाचा रोख मात्र यांपैकी एक किंवा दोन गोष्टींवरच असतो. तेव्हा ‘कोणती शस्त्रक्रिया?’ या प्रश्नाच्या आधी ‘पोटात काय आहे?’ हा प्रश्न यावयास हवा. आमच्या बाईंच्या बाबतीत तो कोणी विचारलाच नव्हता.

लायपोसक्शन ही इलर नावाच्या, नव्हे, इलूझ नावाच्या फ्रेंच शल्यवैद्याने १९७० च्या दशकाच्या अखेरीस रूढ केलेली पद्धत. (फ्रेंच नावांनी मराठी लेखकाची नेहमीच तारांबळ उडते.) कातडीला लहानशी छिद्रे पाडून बोथट नळी आत घालावयाची आणि चरबी शोषून घ्यावयाची. व्रण लहान राहतात आणि माणूस लवकर कामावर रुजू होतो, हे तिचे गुण. पण ती फक्त कातडीखालची, चिमटीत धरता येते तेवढीच चरबी काढते. सैल कातडी तिने आवळत नाही. कातडी आधीच सैल असेल तर आतला भराव निघून गेल्यावर ती अधिकच लोंबते. फाकलेल्या स्नायूंशी तर तिचा संबंधच येत नाही. आणि वजन उतरविण्याचा तो उपाय नव्हे, हे खुद्द शल्यवैद्यच सांगतात.

टमी टक, म्हणजे वैद्यकीय भाषेत ॲब्डॉमिनोप्लास्टी, हे वेगळेच प्रकरण आहे. येथे ओटीपोटावर एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत छेद घेतात, बेंबीखालची जादा कातडी व चरबी कापून टाकतात, फाकलेले स्नायू मध्यरेषेवर शिवून जवळ आणतात आणि बेंबीला नव्याने जागा करून देतात. ही मोठी शस्त्रक्रिया आहे. लांब व्रण जन्मभर राहतो, फक्त तो वस्त्राखाली झाकला जातो. काही दिवस निचऱ्याच्या नळ्या, काही आठवडे पोटपट्टा, आणि सुमारे दीड महिना जड उचलण्यास मनाई. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका येथे अधिक. धूम्रपान करणाऱ्याची जखम नीट भरत नाही. आणखी मूल हवे असेल तर शस्त्रक्रिया पुढे ढकलावी, कारण नव्या गर्भारपणात शिवलेले सारे पुन्हा ताणले जाते. तथापि ज्या स्त्रीची कातडी आणि स्नायू दोन्ही बाळंतपणात सैल झाले आहेत, तिच्या तक्रारीच्या मुळाशी जाणारा शस्त्रक्रियेचा मार्ग दोहोंपैकी हाच.

यांखेरीज चरबी गोठविणारी यंत्रे आली आहेत. कापाकाप नाही म्हणून ती लोकप्रिय आहेत. परिणाम मात्र माफक. क्वचित उलटेच घडते आणि गोठविलेल्या जागी चरबी कमी होण्याऐवजी वाढून घट्ट होते. लिंडा इव्हँजेलिस्टा या जगप्रसिद्ध मॉडेलने आपल्या बाबतीत असे झाल्याचे २०२१ मध्ये जाहीर केले, तेव्हा ही गोष्ट सर्वतोमुखी झाली. भूक आवरणारी नवी इंजेक्शने २०२५ मध्ये भारताच्या बाजारात आली, त्यांचे काय, असे विद्यार्थी मला विचारतात. ती औषधे आहेत, वैद्याच्या देखरेखीखाली घ्यावयाची आहेत, आणि त्यांनी झपाट्याने वजन उतरले की मागे सैल कातडी राहते. म्हणजे एका बाजारातील विक्री दुसऱ्या बाजारात गिऱ्हाईक पाठविते.

चौथा प्रकार आतल्या चरबीचा, आणि आपणा भारतीयांस तोच सर्वाधिक जाचतो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे या विषयातील काम जगभर मान्यता पावले आहे. २००४ मध्ये त्यांनी आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण छापले. दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वरून सडपातळ आणि आतून चरबीयुक्त अशी ही आपली शरीरयष्टी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत कमरेच्या मापावरून पाहिले असता स्त्रियांत सुमारे ४० टक्के आणि पुरुषांत १२ टक्के व्यक्तींच्या पोटावर प्रमाणाबाहेर मेद आढळला. मधुमेह आणि हृदयविकार यांना आमंत्रण देणारी चरबी ती आतली. तेथे कोणतीही नळी पोहोचत नाही. २००४ मध्येच अमेरिकेत पंधरा स्थूल स्त्रियांच्या पोटावरील बरीच चरबी शोषून काढल्यावर त्यांच्या प्रकृतीची तपासणी झाली. इन्शुलिनच्या कार्यात किंवा हृदयविकाराच्या धोक्यात काहीही सुधारणा दिसली नाही. ज्यांचे पोट टणक, गोल, मडक्यासारखे आहे, त्या माझ्या वयाच्या प्राध्यापकबंधूंनी ध्यानात घ्यावे की त्यांच्यासाठी या दवाखान्यांत विकत घेण्याजोगे काहीही नाही. रंकाळ्याच्या फेऱ्यांचा विनोद खरे तर आम्हांलाच लागू होता.

आता माझ्या शास्त्राकडे वळतो. कोल्हापूरच्या बाजार समितीत गुळाचा सौदा ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे की, व्यापारी रवा फोडून, रंग पाहून, कण जिभेवर ठेवून मगच बोली बोलतो. हा मालाचा एक वर्ग: घेण्यापूर्वीच पारखता येणारा. दुसरा वर्ग खानावळीतल्या ताटाचा; तांबडा रस्सा बरा की वाईट हे खाल्ल्यावर कळते, पण कळते. तिसरा वर्ग असा की, वापरून झाल्यावरही तो माल आपल्याला लागत होता की नाही हे घेणाऱ्यास कळत नाही. घड्याळजीने आतली चाके बदलली म्हणून सांगितले. बदलण्याची गरज होती का, हे कसे समजावे? डार्बी आणि कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये या तिसऱ्या वर्गाचे विवेचन केले. त्यापूर्वी दहा वर्षे, १९६३ मध्ये, केनेथ ॲरो यांनी वैद्यकीय सेवेवरील आपल्या प्रसिद्ध लेखात दाखवून दिले होते की, जेथे विकणाऱ्याला सारे माहीत आणि घेणाऱ्याला काहीच नाही, तेथे भाजीबाजाराचे नियम चालत नाहीत. म्हणून तर वैद्याने नफ्यापेक्षा रुग्णाचे हित पाहावे अशी अपेक्षा समाजाने उभी केली. सौंदर्य-शस्त्रक्रियेच्या बाजारात याच अपेक्षेचे खांब निखळले आहेत. सल्ला देणारा आणि माल विकणारा एकच. किंबहुना सल्ला देणारा आता वैद्यही नाही, तर विक्रीवर दलाली मिळविणारा नोकर आहे. आंत्रपुच्छ महिनाअखेरपूर्वी कापून घेतल्यास सवलत देऊ, असे कोणी म्हणत नाही. ज्या दवाखान्यात शस्त्रक्रियेवर मुदतबंद सूट मिळते तेथे आपण रुग्ण उरलेलो नसून गिऱ्हाईक झालो आहोत, एवढे त्यावरून उमजावे.

पोटाच्या बाबतीत या दुहेरी भूमिकेने काय होते, याचे भीषण उदाहरण आपल्याच राज्यात घडले आहे. दर हंगामात मराठवाड्यातून ऊसतोडणी कामगार आमच्या जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या फडांवर येतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे २०१९ मध्ये उजेडात आले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. सर्वेक्षणात ८२ हजारांवर स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३ हजारांवर स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. सौंदर्य-शस्त्रक्रिया आणि ही शोकांतिका यांना एका तागडीत तोलण्याचा माझा हेतू नाही. एकीकडे हौस आहे, दुसरीकडे दारिद्र्य आणि बुडणाऱ्या मजुरीची धास्ती. पण पोटात काय आहे आणि त्याचे काय करावयाचे हे ठरविणाराच त्यातून पैसे मिळविणारा असतो, तेव्हा मागणी कोठून निर्माण होते, हे दोन्हींकडे सारखेच दिसते. सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली यांच्या खटल्यात २००८ मध्ये याच प्रश्नाचा निवाडा केला. तपासणीसाठी भूल दिलेल्या त्या स्त्रीचे गर्भाशय आणि बीजांडकोश तिच्या स्वतःच्या संमतीवाचून काढण्यात आले होते. संमती म्हणजे कागदावरची सही नव्हे. उपचाराचे स्वरूप, त्याला असलेले पर्याय, महत्त्वाचे धोके आणि उपचार न घेतल्यास काय होईल हे सारे रुग्णास सांगितले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. आमच्या बाईंच्या अंदाजपत्रकाला जोडलेला संमतिपत्राचा नमुना मी वाचला. पर्यायांचा त्यात एका ओळीचाही उल्लेख नव्हता.

हप्त्यांविषयीही बोलावयास हवे. ‘शून्य टक्के व्याज’ ही संकल्पना अस्तित्वातच नाही, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले होते. व्याज एक तर किमतीत मुरविलेले असते किंवा ‘प्रक्रिया शुल्क’ असे नाव घेऊन येते. शिवाय अंदाजपत्रकात न दिसणारा खर्च निराळाच. टमी टकनंतर दीड महिना पाण्याची कळशी उचलावयाची नाही, तर ती कोण उचलणार? सहा वर्षांच्या मुलाची आंघोळ कोण घालणार? रजा बिनपगारी झाली तर? आमच्या पाठ्यपुस्तकांत ज्याला संधी खर्च म्हणतात तो येथे घरातल्या दुसऱ्या कोणा स्त्रीच्या श्रमांतून फेडला जातो, म्हणून तो कोणी मोजीत नाही. आणि स्वस्त म्हणून चुकीची शस्त्रक्रिया निवडली तर काही वर्षांनी दुसरी करावी लागते. मग दोन्हींची बेरीज महागड्या पर्यायाच्या पुढे जाते. परवडण्याच्या प्रश्नाला त्या दिवशी मी हे उत्तर द्यावयास हवे होते.

आता शासनाचा व्यवहार पाहा. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, तेव्हा वैद्यकीय सेवा करमुक्त ठेवल्या. मात्र सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रिया त्यातून वगळून त्यांवर १८ टक्के कर बसविला. जन्मजात व्यंग, वाढीतील दोष, इजा किंवा आघात यांमुळे बिघडलेले शरीर पूर्ववत करण्यासाठी शस्त्रक्रिया असेल तर कर नाही. तत्त्व म्हणून हे ठीकच आहे. पण या यादीत ‘गर्भारपण’ हा शब्द नाही. दोन मुले पोटात वाढविताना ज्या स्त्रीचे स्नायू मधोमध फाकले, तिची दुरुस्ती कोणत्या रकान्यात बसते? विमा कंपन्याही सौंदर्य-शस्त्रक्रियेचा खर्च देत नाहीत आणि बाळंतपणानंतरच्या पोटाला सहसा त्याच रकान्यात टाकतात. सप्टेंबर २०२५ पासून केशकर्तनालये आणि व्यायामशाळा यांवरील कर ५ टक्क्यांवर आणण्यात आला, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती या गृहीताबद्दल की, स्त्रीच्या पोटाची दुरुस्ती म्हणजे नटणेमुरडणे.

नटणे आणि दुरुस्ती यांतली सीमारेषा जितकी ठळक समजली जाते तितकी ती नाही, याला पुण्याचाच जुना दाखला आहे. टिपू सुलतानाशी झालेल्या १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेकडे बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी शत्रूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभराने पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने मेणाचा नमुना करून, कपाळाची कातडी त्या मापाने कापून, खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. दोन इंग्रज डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत घडलेली ही शस्त्रक्रिया ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये चित्रासह छापून आली आणि त्यावरून युरोपने नासिकारोपणाचा धडा गिरविला. कावसजीला श्वास घेण्यासाठी नाक नको होते. त्याला चारचौघांत उभे राहावयाचे होते. त्याला कोणी नटवा म्हटले नाही. बसमध्ये “कितवा महिना?” हा प्रश्न ऐकणाऱ्या बाईला चारचौघांत उभे राहावेसे वाटले, तर पतसंस्थेच्या उपसमितीला हसू यावे असे त्यात काय होते?

पूर्वी बाळंतिणीचे पोट जुन्या धोतराच्या घट्ट पट्ट्याने बांधीत, शेकशेगडी करीत, आणि सव्वा महिना तिला जड कामाला लावीत नसत. त्याने स्नायू जुळत असत असा दावा मी करणार नाही, पण विश्रांती तरी मिळे. शिवाय नऊवारीच्या ओच्यात पोट लपून जाई आणि पुरुषाच्या पोटाला तर प्रतिष्ठाच होती. सुटलेले पोट म्हणजे भरलेले कोठार. तालमीतल्या वस्तादाच्या पोटाकडे पाहून त्याच्या ताकदीचा अंदाज चुकविणाऱ्याला खासबागेच्या मातीत आकाश दिसत असे. आज माझ्या वर्गातली वीस वर्षांची मुले पोटावर सहा चौकटी हव्यात म्हणून कासावीस असतात. त्या चौकटी कोरून देणारेही दवाखाने आहेत. या वयात तर माझे मत स्पष्टपणे ‘नको’ असे आहे. मे २०२२ मध्ये बंगळुरूत दूरचित्रवाणीवर काम करणारी एक २१ वर्षांची मुलगी चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाली आणि काही तासांतच दगावली.

शस्त्रक्रिया कोणी करावी यासंबंधीही आपले अज्ञान मोठे आहे. एमबीबीएस, त्यावर शल्यचिकित्सेचा एमएस, आणि त्यावर प्लॅस्टिक सर्जरीचा एमसीएच किंवा तत्सम पदवी, असा हा लांबचा रस्ता आहे. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ अशी पाटी लावण्याने तो कापला जात नाही. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून अशा प्रक्रिया करू लागणे हे प्रशिक्षण नव्हे, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मंडळाला २०२२ मध्ये लेखी सांगावे लागले, यावरूनच काय चालले होते त्याची कल्पना यावी. महाराष्ट्राने २०२१ मध्ये शुश्रूषागृहांच्या नियमांत दुरुस्ती करून रुग्णहक्कांची सनद लावणे बंधनकारक केले. वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरविले आहे. पण हे सारे शस्त्रक्रिया बिघडल्यानंतरचे उपाय. आधीच्या टप्प्यावर एकच गोष्ट उपयोगी पडेल असे मला वाटते: जो शस्त्रक्रिया करणार नाही आणि तिच्यातून ज्याला एक रुपयाही मिळणार नाही, अशा शल्यवैद्याचा लेखी अभिप्राय. ‘काहीही करू नका’ असे सांगण्यात ज्याचे नुकसान नाही, तोच ते सांगू शकतो. सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांकडून हे काम आजही होण्याजोगे आहे, आणि कर्ज देणाऱ्या पतसंस्थांनी व बँकांनी तशी अट घातली तर त्याला कायदा बदलण्याची गरज नाही.

आमच्या बाईंना मी एवढेच सुचविले. त्या सरकारी रुग्णालयात रांगेत उभ्या राहिल्या. तेथील सर्जननी त्यांना आडवे झोपवून मान उचलावयास लावली, खोकण्यास सांगितले, पोटावरून हात फिरविला आणि सोनोग्राफी लिहून दिली. स्नायू फाकलेले होतेच. शिवाय बेंबीपाशी लहानसा हर्निया होता. हर्निया असलेल्या पोटात चरबी शोषण्याची नळी फिरविली असती तर आतड्याला भोक पडण्याचा संभव होता, असे त्यांनी सांगितले. दहा मिनिटांच्या भेटीत हे कसे निसटले, हा प्रश्न त्या दवाखान्याला विचारण्यास बाई तयार नाहीत. आधी फिजिओथेरपीचे व्यायाम सहा महिने करून पाहा, हर्नियाचे मात्र टांगणीला ठेवू नका, असा सल्ला मिळाला. त्यांनी तो निम्मा मानला. व्यायाम केले, कंबर पुष्कळ सुधारली, पण उंचवटा आणि लोंबती कातडी राहिली. मग त्या रीतसर पदवीच्या प्लॅस्टिक सर्जनकडे गेल्या आणि हर्निया व पोट यांची एकत्रित शस्त्रक्रिया करावयाचे त्यांनी ठरविले. विमा कंपनी फक्त हर्नियापुरते पैसे देणार आहे.

नवा अर्ज गेल्या महिन्यात आमच्यापुढे आला. जाणतेपणाने केलेली निवड स्वस्त असतेच असे नाही. विम्याची रक्कम वजा जाताही मागणी दोन लाख दहा हजारांची होती. यावेळी कारणाच्या रकान्यात त्यांनी ‘वैद्यकीय’ असे मोघम न लिहिता ‘हर्निया व पोटाची दुरुस्ती’ असे स्वच्छ लिहिले होते. “हर्नियाचं समजलं, पण बाकीचं कशाला?” असे ज्येष्ठ सभासदांनी विचारले. त्यांचा प्रश्न अगदीच गैर नव्हता. पतसंस्थेचे पैसे सर्वांचे आहेत. पण घरावर मजला चढविताना गच्चीला कठडा कशाला, असे आम्ही कधी कोणाला विचारलेले नाही, एवढे मी निदर्शनास आणले. थोडी वादावादी झाली. यापुढे अशा अर्जांसोबत त्रयस्थ शल्यवैद्याचा अभिप्राय जोडावा, असा ठराव एकमताने झाला. बाईंचा अर्ज तीन विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला. छत्तीस हप्ते आहेत. पहिला पुढच्या महिन्याच्या पगारातून कापला जाईल.